ठावठिकाणा

लेखापरीक्षण खात्यात छत्तीस वर्षे काढलेल्या माणसास एक खोड जडते. कोणतीही वस्तू समोर आली की, ती कोणी घेतली, कितीस घेतली आणि तिची पावती कोठे आहे, हे तीन प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभे राहतात. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाली तरी या खोडीतून आम्ही सुटलो आहोत असा आमचा दावा नाही. बदलीच्या निमित्ताने बंगळुरास आलो आणि चामराजपेटेत जे घर भाड्याने घेतले, त्याच घरी पुढे कायमचे राहिलो. म्हैसूरच्या चामराजेंद्र महाराजांच्या नावाने १८९२ मध्ये वसलेली ही पेठ. तिच्या आडव्या-उभ्या रस्त्यांवर जुनी कौलारू घरे अद्याप अधूनमधून तग धरून आहेत. आमचे त्यांपैकीच एक. पुढे ओटा, ओट्यावर दोन खांब, आणि सायंकाळी तेथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हिशेब ठेवणारे आम्ही.

गेल्या मार्गशीर्षात पुण्याहून वहिनींचा फोन आला. आमचे थोरले बंधू जाऊन तीन वर्षे झाली होती. वहिनी आणि पुतण्या आता लहान घरात राहावयास जाणार होते. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, यांची ती दगडांची पेटी तुमच्याकडे पाठवते आहे. नव्या घरात तिला जागा नाही. सोळा वर्षांचे रविवार त्या पेटीत आहेत. त्यांचे काही मोल येते का, तेवढे तुम्ही सांगा. येत नसेल तर तसेही सांगा. मला एकदा कळले पाहिजे."

वहिनींचा हा प्रश्न बाजारभावाचा नाही, हे आमच्यासारख्या रुक्ष माणसासही समजले. दादा रेल्वेत होते. १९६८ पासून १९८४ पर्यंत ते तिरुचिरापल्लीस पोन्मलैच्या कारखान्यात होते. परक्या मुलुखात, परक्या भाषेत वहिनींनी चार भिंतींत संसार केला. आणि आठवड्यातून एकदा घरी सापडणारा नवरा रविवारी पहाटे पिशवी व हातोडी घेऊन अरियलूरच्या रानात निघून जाई. सायंकाळी लाल धुळीने माखून परत येई तो दगड घेऊन. त्यावरून त्या घरात झालेले खटके आम्ही रजेवर गेलो असता ऐकले होते. तेव्हा मोल ठरवावयाचे होते ते दगडांचे नव्हे, त्या रविवारांचे.

पुतण्याच्या मोटारीतून पेटी आली. चहाची जुनी लाकडी पेटी ती. उघडली तर आत तामिळ वर्तमानपत्रांच्या तुकड्यांत गुंडाळलेले लहानमोठे दगड. कागद पिवळे पडलेले, कसरीने खाल्लेले, हात लावताच भुगा होणारे. आम्ही टापटिपीचे भोक्ते. एका सकाळी सारे दगड मोकळे केले, बादलीत घालून नारळाच्या काथ्याने घासले आणि ओट्यावर उन्हात मांडले. मोजले तो ११२ भरले. काही कागदांवर पेन्सिलीची पुसट अक्षरे दिसली. परंतु छापील तामिळ मजकुरावरची ती गिचमिड वाचण्याची तसदी आम्ही घेतली नाही. सारे कागद पोत्यात भरले आणि दुपारी रद्दीवाल्यास देऊन टाकले. त्याने त्याचे सात रुपये दिले. त्या पेटीतून आजवर झालेली रोख प्राप्ती काय ती एवढीच.

आमच्या शेजारच्या घरी एक वृद्ध प्राध्यापक राहतात. त्यांनी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकविले. घराणे माध्व, देवघरात पिढीजात शालिग्राम. ओट्यावरील प्रदर्शन पाहून ते भिंग घेऊनच आले. बसण्यापूर्वी त्यांनी एक दगड उचलला आणि विचारले, "ऊरु यावुदु?" म्हणजे, गाव कोणते? आम्हांस वाटले, दगडाच्या मालकाचे गाव विचारतात. आम्ही उत्तरलो, "पुणे." ते हसले, पण तेव्हा काही बोलले नाहीत. त्या हसण्याचा अर्थ आम्हांस आठ दिवसांनी कळला.

ते आठ दिवस आमच्या शिक्षणाचे होते. प्रथम ते आम्हांस सकाळच्या फेरफटक्यास लालबागेतील खडकावर घेऊन गेले. हा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या जातीस 'पेनिन्सुलर नाइस' हे नाव म्हैसूरच्या भूगर्भ खात्याचे डॉक्टर स्मीथ यांनी १९१६ मध्ये दिले. "तुमचे घर याच खडकावर उभे आहे," ते म्हणाले. "हा घडला तेव्हा पृथ्वीवर शंखही नव्हता, शिंपलाही नव्हता. तेव्हा बंगळुरात अश्मीभूत शिंपला दिसला, तर तो परगावाहून आला आहे असे खुशाल समजावे." हे ऐकून आम्हांस अंमळ बरे वाटले. चामराजपेटेत बदलीवर आलेले आम्ही एकटेच नव्हतो.

आम्ही सहज विचारले, "मग आमच्या महाराष्ट्रात?" ते म्हणाले, "तुमचा सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात समुद्राचे प्राणी कोठून येणार? परंतु नागपूरकडे लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो, आणि त्यात गोड्या पाण्यातील गोगलगाईंची कवचे." नागपूरजवळच्या टाकळीची ही कवचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी जमविली आणि १८६० मध्ये त्यांवर सविस्तर लेख लिहिला, हे आम्हांस ठाऊक नव्हते. हिस्लॉप कॉलेजच्या आवारात आम्ही खात्याच्या परीक्षेस बसलो होतो. ते नाव एका शिंपले वेचणाऱ्याचे आहे, हे कळावयास चामराजपेटेतील कानडी शेजारी लागला.

मग ओट्यावर वर्ग सुरू झाला. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे दगड असतील, तर त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून थोडे सांगतो.

पहिली गोष्ट ही की, पुष्कळदा आपल्या हाती येते ते कवच नसतेच. कवचात गाळ शिरतो, घट्ट होतो, आणि पुढे कवच विरून जाते. उरतो तो आतला साचा. त्यावर बाहेरची नक्षी नसते. शिंपल्याच्या स्नायूंचे ठसे मात्र उमटलेले असतात. असे साचे दादांच्या पेटीत निम्मे होते, आणि आम्ही त्यांस घासून झिजलेले शिंपले समजत होतो.

दुसरी गोष्ट, शिंपला आणि ब्रॅकिओपॉड यांतील भेद. दोघांसही दोन झडपा. परंतु शिंपल्याच्या दोन झडपा बहुधा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. एकच झडप हाती घेऊन चोचीपासून कडेपर्यंत मधोमध रेघ कल्पिली, तर दोन भाग सारखे पडत नाहीत. ब्रॅकिओपॉडचे उलट. त्याची प्रत्येक झडप मधल्या रेघेवर अगदी समान दुभागते, परंतु एक झडप मोठी आणि दुसरी लहान असते. ही एक रेघ ओढावयास शिकलो आणि ज्यांस आम्ही तिसऱ्या म्हणून एका रांगेत मांडले होते, त्यांतले नऊ निराळ्या कुळातले निघाले.

कालवे मात्र या नियमास जुमानत नाहीत. त्यांची एक झडप जाड, फुगीर, पाठीवर वाकलेली. दुसरी तिच्यावरचे चपटे झाकण. अरियलूरच्या चुनखडीत ग्रायफिया नावाचे असे कालव खच पडावा तसे सापडते. उंच शंकूवर फिरत गेलेला तो शंख, हे पोरही सांगेल. परंतु एकाच पातळीवर घड्याळाच्या कमानीसारखे वेटोळे घेतलेला दगड दिसला, की तो ॲमोनाइट असावा. त्याच्या पोटात खोल्या असतात, आणि खोल्यांच्या भिंती जेथे कवचास भिडतात तेथे पानाच्या कातरलेल्या कडेसारखी नागमोडी रेघ उमटते. ही रेघ साधी व सरळ वळणाची असली, तर तो नॉटिलसच्या गोतातला. बंदुकीच्या गोळीसारखा, तपकिरी, टोकदार दगड म्हणजे बेलेम्नाइट. माकुलाच्या नातलगाच्या अंगातला कठीण भाग. मोडलेल्या टोकाकडे भिंगातून पाहिले तर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा मध्यातून निघालेल्या दिसतात. कारै गावच्या घळींत, जेथे मातीतून जिप्समच्या काचेसारख्या शिरा चमकतात, तेथे हे बेलेम्नाइट वेचावयास मिळतात.

आठव्या दिवशी आम्ही मूळ मुद्द्यावर आलो. "आता यांची किंमत सांगा."

प्राध्यापक म्हणाले, "किंमत तीन ठिकाणी तीन प्रकारची होते. पहिले देवघर. आमच्या घरचे शालिग्राम म्हणजे हिमालयात, गंडकीच्या पात्रात सापडणारे काळे गोटे. त्यांच्या पोटातील जे चक्र, ते ॲमोनाइटचे. तेथे पूर्वी समुद्र होता. द्वार कसे, चक्रे किती, रंग कोणता, यावरून त्यांची नावे ठरतात, पारख होते. परंतु त्यांची किंमत करावयाची नाही, विकावयाचे नाहीत, असा आमच्याकडे दंडक आहे. दुसरा बाजार. तेथे मोठा, अखंड, चकचकीत तो महाग. म्हणूनच मोडके तुकडे चिकटविलेले, डिंकात दगडाची भुकटी कालवून भरलेले, प्रसंगी सरळ कोरून काढलेले नमुनेही तेथे विकले जातात. भिंगाखाली कोरणीचे ओरखडे आणि डिंकातील बुडबुडे दिसतात. तुमच्या बंधूंच्या पेटीत खोटे काही नाही. पण बाजारात खपेल असेही काही नाही. ग्रायफियास कोण विचारतो?"

"आणि तिसरे?"

"तिसरे म्हणजे शास्त्र. तेथे अखंड दगडापेक्षा, ज्याचा ठावठिकाणा पक्का आहे तो मोडका दगड मोलाचा. कोणत्या गावी, कोणत्या ओढ्यात, कोणत्या थरात, कोणत्या दिवशी, कोणी उचलला, हे ज्याच्यासोबत लिहिलेले आहे तो नमुना. ज्याच्यासोबत नाही तो नुसता दगड. तुमच्या बंधूंच्या चिठ्ठ्या कोठे आहेत?"

आमच्या पोटात खड्डा पडला. ती पेन्सिलीची गिचमिड आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

पुढे त्यांनी जे सांगितले ते आम्ही खाली मान घालून ऐकले. त्या मुलुखातील जीवाश्म प्रथम विलायतेस पाठविले ते केय आणि कन्लिफ या दोघांनी. हे कोणी पंडित नव्हते, मद्रास इलाख्यातील सनदी नोकर होते. बदलीच्या गावी असता त्यांनी दगड जमविले. त्यांवर एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४६ मध्ये लंडनला अहवाल प्रसिद्ध केला. पुढे भूगर्भ पाहणी खात्याचे ब्लॅनफर्ड यांनी तो प्रदेश पायी पिंजून काढला आणि १८६२ मध्ये तेथील थरांस उत्तत्तूर, त्रिचनापल्ली आणि अरियलूर अशी नावे दिली. हे थर मिळून सुमारे अकरा कोटी वर्षांपासून साडेसहा कोटी वर्षांपर्यंतचा समुद्र सांगतात. त्याच वर्षी मोराव्हियाहून आलेला फर्डिनांड स्टोलिक्झ्का हा तरुण खात्यात रुजू झाला आणि कलकत्त्यास बसून, इतरांनी गोळा करून पाठविलेल्या त्या शंख-शिंपल्यांचे मोठमोठे ग्रंथ त्याने दहा-अकरा वर्षांत लिहून काढले. १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखच्या डोंगरांत तो वारला. लेह येथे त्याचे स्मारक आहे. "शेकडो कोसांवर बसून त्याला हे काम करता आले," प्राध्यापक म्हणाले, "कारण प्रत्येक दगडासोबत त्याचा गाव आला होता."

आम्ही तडक रद्दीच्या दुकानी गेलो. पोते दुसऱ्याच दिवशी गिरणीकडे रवाना झाले होते. आयुष्यभर आम्ही दुसऱ्यांच्या हरवलेल्या पावत्यांवर आक्षेप काढले. कित्येक कारकुनांच्या बढत्या त्या आक्षेपांनी अडल्या असतील. आता सोळा वर्षांच्या पावत्या आम्ही स्वहस्ते सात रुपयांस विकल्या होत्या, आणि त्याही मेलेल्या भावाच्या.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी एकेक दगड पुन्हा उन्हात फिरवून पाहू लागलो. तेव्हा ध्यानात आले की, पुष्कळ दगडांच्या खालच्या अंगास नखाएवढा पांढऱ्या रंगाचा ठिपका आहे आणि त्यावर काळ्या शाईने आकडे आहेत. आमच्या काथ्याने काही पुसले होते, तरी ६४ दगडांवर ते वाचता आले. १४-३-७६, असे. ती तारीख होती. पंचांगाशी ताडून पाहिले; रविवार. तारीख राहिली होती, गाव गेला होता.

अपराध कबूल केल्यावाचून गत्यंतर नव्हते. आम्ही वहिनींना फोन लावला आणि सारे सांगितले. पलीकडे बराच वेळ शब्द नाही. मग त्या म्हणाल्या, "कोणत्या तारखा आहेत म्हणालात?"

आम्ही तारीख सांगितली. काही वेळाने त्यांचा आवाज आला. "हं. १४ मार्च. बस, चहा, केळी, दोन रुपये दहा पैसे. कारै."

वहिनी पोन्मलैस असताना घरखर्चाच्या वह्या ठेवीत. त्या वह्यांत दूध, किराणा, धोबी यांच्याप्रमाणेच एक स्वतंत्र रकाना त्यांनी आखला होता. त्याचा मथळा 'यांचे रविवार'. प्रत्येक रविवारी दादा कोठे गेले आणि तेथे किती पैसे उडविले, याची बिनचूक नोंद त्यात होती. एके दिवशी सगळ्याचा जाब विचारावयाचा, या हेतूने ती नोंद झाली होती. जाब विचारण्याचा दिवस कधी आला नाही. वह्या मात्र बिऱ्हाडामागून बिऱ्हाड बदलत पुण्यापर्यंत आल्या. लहान घरात जाताना दगडांची पेटी त्यांनी काढून टाकली, वह्या टाकल्या नाहीत.

त्यानंतर पंधरा दिवस रोज सायंकाळी आठ वाजता आमचा लेखापरीक्षणाचा वर्ग भरत असे. आम्ही ओट्यावर बसून तारीख वाचावी, वहिनींनी पुण्यास वही उघडून गाव सांगावा. पहिल्या दिवशी त्या केवळ गाव आणि रक्कम सांगत. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्या सांगू लागल्या की, अमुक रविवारी हे पावसात भिजून आले आणि तापाने पडले; अमुक रविवारी गरुडमंगलमहून एक मोठा दगड खांद्यावर आणला, आणि त्याची फरशी घासून घेतली तर आत शंखांची पांढरी नक्षी निघेल म्हणून रात्रभर सांगत बसले; अमुक रविवारी मुलगा आजारी होता तरी गेले, तो रविवार त्यांनी तांबड्या शाईने लिहिला होता. तक्रारीचा सूर होता, नाही असे नाही. परंतु ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची तो माणूस त्या पंधरा दिवसांत दोघांनाही पुन्हा थोडा भेटला, असे आम्हांस वाटते.

काही वर्षांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. हिशेब पुरा झाला तेव्हा ६४ पैकी ४७ दगडांस गाव मिळाला. उरलेले ६५ दगड निनावीच राहणार. प्राध्यापकांनी खोटी स्तुती केली नाही. ते म्हणाले, "गावाचे नाव म्हणजे थर नव्हे. अरियलूर म्हटले तरी कोणती खाण, कोणता थर, हे कळतच नाही. चिठ्ठीवर ते असणार. परंतु काहीच नसण्यापेक्षा हे पुष्कळ आहे. विद्यार्थ्यांना शिकवावयास सत्तेचाळीस नमुने उत्तम." ज्या खाणींतून दादांनी ते उचलले, त्यांतल्या काहींचा आता सिमेंट होऊन गेला आहे, असेही ते म्हणाले. तेथे पुन्हा कोणी पिशवी घेऊन गेला तरी तो थर त्यास भेटणार नाही.

एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाने ते नमुने घेण्याचे कबूल केले. आम्ही नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. नाव, गाव, तारीख, कोणी उचलला. खाली एक ओळ आमच्या खात्याच्या शिस्तीस धरून घातली: 'स्थळास आधार: घरखर्चाची वही.' प्राध्यापक म्हणाले, असा आधार त्यांनी कोणत्याही संग्रहालयात पाहिला नाही. आम्ही म्हणालो, आम्ही याहून कच्चे आधार मंजूर केले आहेत.

पाठवणीच्या आदल्या दिवशी वहिनींना फोन केला. बाजारात या दगडांचे काही येणार नाही, शास्त्रात थोडे येईल, आणि जे येईल ते तुमच्या वह्यांमुळे, असे स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, "बरे झाले कळले ते." मग थोडे थांबून म्हणाल्या, "भावोजी, १२-१-७५ असा एक असेल पाहा. कालवासारखा, एका बाजूने फुटलेला."

यादी पाहिली. होता. फुटका ग्रायफिया, प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी बाजूस काढून ठेवलेला.

"त्या रविवारी मीही गेले होते," वहिनी म्हणाल्या. "सोळा वर्षांत एकदाच. तो मी उचलला. हे म्हणाले, हा काही कामाचा नाही. तरी पिशवीत घातला. तेवढा एक मला परत पाठवा."

चामराजपेटेच्या टपाल कचेरीतून पार्सल करताना आम्ही तो दगड स्वच्छ कागदात गुंडाळला. कागदावर पेन्सिलीने लिहिले: 'ग्रायफिया. अरियलूर. १२-१-७५. उचलणार, वहिनी.' काउंटरवरील कारकुनाने विचारले, "आत काय आहे? किंमत किती लिहू?"

आम्ही म्हणालो, "दगड आहे. किंमत लिहू नका."